वायुवाहिनी, राजपत्र आणि लोकप्रतिनिधीचे निवेदन

१

भाषा आणि साहित्य यांच्या अभ्यासाला वाहिलेल्या नियतकालिकात नैसर्गिक वायूच्या वाहिनीचा विषय यावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु अशी वाहिनी जमिनीखाली जाण्यापूर्वी दीर्घ काळ कागदावर आणि लोकांच्या बोलण्यात वावरत असते. राजपत्रातील अधिसूचना, गावच्या फलकावरील नोटीस, विधानसभेतील प्रश्नोत्तर आणि मतदारसंघातील सभा हे सारे भाषाव्यवहारच होत. त्यांना निवेदक असतो, श्रोता असतो, आणि स्वतःचे असे रचनेचे संकेतही असतात. ललित वाङ्मयात त्यांची गणना होत नाही. तथापि सामान्य माणसाचे हिताहित त्यांच्या शब्दयोजनेवर पुष्कळदा ललित वाङ्मयाहून अधिक अवलंबून असते.

या व्यवहारांपैकी एकाच रूपाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. राज्याच्या विधानसभेचा सदस्य आपल्या मतदारांसमोर उभा राहून एखाद्या वायुवाहिनीच्या प्रकल्पाची आजवरची हकीकत सांगतो, ते हे निवेदन. विवेचनाचे केंद्र जयपूर हे ठेवले आहे, याला दोन कारणे आहेत. एक, राजस्थानातून वायुवाहिन्या गेल्या चार दशकांत गेल्या आहेत आणि त्यांविषयी राज्याच्या विधानसभेत व बाहेर बोलले गेले आहे. दुसरे, सार्वजनिक कामाचा हिशेब लोकांसमोर उघडपणे वाचण्याची एक नवी रीत याच प्रांतात रूढ झाली, आणि तिच्याशी तुलना केल्यावाचून प्रतिनिधीच्या निवेदनाचे मोल ठरविता येत नाही.

मांडावयाचा मुद्दा असा : वायुवाहिनीसंबंधी कायदा करण्याचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाला नाही, मतदार मात्र प्रथम आपल्या आमदारालाच विचारतो. तेव्हा आमदाराच्या हाती मुख्यत्वेकरून भाषाच उरते. ती भाषा नेमकी असेल तर शेतकऱ्याला आपला हक्क वेळेत बजावता येतो, आणि ती मोघम असेल तर तो हक्क त्याच्या नकळत लयाला जातो.

२

राज्याला हा अधिकार का नाही, याचे उत्तर एका शब्दाच्या अर्थनिर्णयात आहे, आणि म्हणून ते आपल्या अभ्यासविषयाच्या जवळचे आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत पंचविसाव्या नोंदीत गॅस आणि गॅसचे कारखाने यांचा उल्लेख आहे. संघसूचीतील त्रेपन्नावी नोंद मात्र तेलक्षेत्रे, खनिज तेलसंपत्ती, पेट्रोलियम व पेट्रोलियमजन्य पदार्थ यांच्याविषयीची आहे. नैसर्गिक वायू या दोहोंपैकी कोठे बसतो? गुजरात राज्याने २००१ साली वायूचे वहन, पुरवठा व वितरण यांचे नियमन करणारा कायदा केला, तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर आला. राष्ट्रपतींनी तो घटनेच्या १४३व्या अनुच्छेदाखाली सर्वोच्च न्यायालयाच्या मताकरिता पाठविला. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मार्च २००४ मध्ये मत दिले की, नैसर्गिक वायू, मग तो द्रवरूप केलेला का असेना, संघसूचीच्या कक्षेतच येतो. राज्यसूचीतील ‘गॅस’ हा शब्द कारखान्यात तयार होणाऱ्या गॅसपुरता समजावयाचा. गुजरातचा कायदा त्यामुळे राज्याच्या अधिकाराबाहेरचा ठरला.

राज्यसूचीतील हा अर्थ आज अपरिचित वाटतो. परंतु जुन्या शहरांच्या इतिहासात तो चांगलाच रुळलेला होता. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले. जयपूरलाही महाराजा सवाई रामसिंह दुसरे यांच्या कारकिर्दीत गॅसच्या दिव्यांची व्यवस्था झाली. तो गॅस त्या त्या शहरातच तयार होई आणि तेथेच जळे. शहराबाहेर त्याचा संबंध नसल्याने तो स्थानिक विषय मानला जाणे स्वाभाविक होते. समुद्रातील विहिरीतून निघून अनेक राज्ये ओलांडणारा वायू हा निराळाच पदार्थ होय. एकाच शब्दाने दोन पदार्थ ओळखले जात असल्याने त्या शब्दाचा अर्थ अखेर न्यायालयाला ठरवावा लागला.

राजस्थानचा अनुभव या दुसऱ्या पदार्थाचा आहे. गॅस अथॉरिटी ऑफ इंडिया ही कंपनी १९८४ साली स्थापन झाली, ती मुख्यतः हजिरा–विजयपूर–जगदीशपूर ही दीड हजार किलोमीटरहून अधिक लांबीची वाहिनी उभारण्यासाठी. मुंबईच्या समुद्रातील वायू गुजरातच्या किनाऱ्यावरून मध्य प्रदेश व उत्तर प्रदेश येथील खतकारखान्यांना आणि वीजकेंद्रांना देणे हा तिचा हेतू होता. तिची शाखा राजस्थानच्या हाडौती भागात आली. तेव्हाच्या कोटा आणि आताच्या बारां जिल्ह्यातील अंता येथील वीजकेंद्र १९८९ साली सुरू झाले. कोट्याजवळ गडेपान येथील युरियाचा कारखाना १९९४ साली उत्पादन करू लागला. राज्याच्या पश्चिम टोकाला जैसलमेर जिल्ह्यात दांडेवाला क्षेत्रातील वायू रामगढच्या वीजकेंद्राला मिळू लागला. म्हणजे राजस्थानच्या शेतकऱ्याकडे वायू प्रथम आला तो खताच्या गोणीतून आणि विजेच्या तारेतून. घरच्या चुलीपाशी तो पुढे पुष्कळ वर्षांनी, तोही काही शहरांतच, पोहोचला.

३

शेतातून वाहिनी नेण्याचा अधिकार ज्या कायद्याने मिळतो तो १९६२ सालचा पन्नासावा अधिनियम होय. हिंदीत त्याचे नाव ‘पेट्रोलियम और खनिज पाइपलाइन (भूमि में उपयोग के अधिकार का अर्जन) अधिनियम’ असे आहे. खनिजांचा समावेश त्यात १९७७ साली झाला. या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, त्याखाली जमीन घेतली जात नाही; जमिनीच्या वापराचा एक विशिष्ट हक्क तेवढा घेतला जातो. जमिनीचा धनी शेतकरीच राहतो. जमाबंदीत खसरा क्रमांकापुढे त्याचेच नाव राहते. महाराष्ट्रात सातबारावर त्याचे नाव कायम राहून ‘इतर हक्क’ या रकान्यात वाहिनीची नोंद येते.

तथापि या धनीपणाचा अर्थ पूर्वीइतका पूर्ण राहत नाही. अधिनियमाच्या नवव्या कलमाप्रमाणे त्या पट्ट्यात इमारत बांधता येत नाही, विहीर, तळे वा बंधारा करता येत नाही, झाड लावता येत नाही. पूर्वीची शेती चालू ठेवता येते. दहाव्या कलमाप्रमाणे प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई मिळते, आणि हक्क घेतल्याबद्दल अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम मिळते. ठरविलेली रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशाकडे जाता येते. ‘तुमची जमीन जाणार नाही’ हे वाक्य, म्हणून, कायद्याच्या दृष्टीने खरे आहे. परंतु ज्याला त्या तुकड्यात विहीर खणावयाची होती, किंवा मुलाच्या संसारासाठी दोन खोल्या बांधावयाच्या होत्या, त्याच्यापुरते ते अपुरे आहे. रेताड व कोरड्या मुलखात विहिरीची जागा ठरलेली असते; ती हवी तिकडे हलविता येत नाही.

या प्रक्रियेचे टप्पे स्पष्ट आहेत. तिसऱ्या कलमाखाली केंद्र सरकार आपला हेतू राजपत्रात प्रसिद्ध करते. पाचव्या कलमाखाली जमिनीत हितसंबंध असणाऱ्या कोणासही एकवीस दिवसांच्या आत लेखी हरकत घेता येते. सक्षम प्राधिकाऱ्याने त्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावयाची असते. सहाव्या कलमाखाली, पहिल्या अधिसूचनेपासून एक वर्षाच्या आत, हक्क घेतल्याची घोषणा होते. घोषणा झाल्यानंतर वाहिनीच्या मार्गाविषयीचा वाद जवळजवळ संपतो आणि केवळ भरपाईचा प्रश्न उरतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने म्हणून सारा भार त्या एकवीस दिवसांवर आहे.

अधिसूचनांतून ही मुदत पुष्कळदा राजपत्राच्या प्रती सर्वसाधारण जनतेस उपलब्ध करून दिल्याच्या दिनांकापासून मोजली जाते, असे शब्द आढळतात. ‘उपलब्ध करून देणे’ आणि ‘कळणे’ या दोन क्रियांमधील अंतर येथे पाहण्यासारखे आहे. पहिली क्रिया कार्यालय करते, आणि ती केल्याची नोंद कार्यालयाजवळ असते. दुसरी क्रिया शेतकऱ्याच्या मनात घडावयाची असते, आणि तिची नोंद कोठेच नसते. हिंदी कादंबरीच्या वाचकांना येथे श्रीलाल शुक्ल यांच्या ‘राग दरबारी’ (१९६८) मधील लंगड हे पात्र आठवेल. तहसील कचेरीतून एका दस्तऐवजाची नक्कल नियमानेच मिळवावयाची, असा त्याचा निर्धार असतो. ती तयार झाल्याची सूचना फलकावर लागते तेव्हा तो आजारी असतो, आणि मुदत संपल्याने नक्कल फाडून टाकली जाते. तेथे नियम कोणीही मोडलेला नसतो. कादंबरीकाराने उपरोधाने दाखविलेली ही स्थिती अधिसूचनेच्या व्यवहारात उपरोधावाचूनही संभवते.

राजपत्राच्या वाक्यरचनेचाही येथे विचार केला पाहिजे. ती बहुधा कर्मणी असते : हक्क अर्जित केला जाईल, वाहिनी अंथरली जाईल, प्रती उपलब्ध करून दिल्या जातील. कायद्याच्या भाषेला हे शोभते, कारण तिच्यात कर्ता आरंभीच एकदा सांगितलेला असतो. परंतु हीच रचना जेव्हा सभेच्या भाषेत उतरते तेव्हा कर्ता हरवतो. कोण खणणार, पैसे कोण देणार, कोणाकडे अर्ज करावयाचा, या तिन्ही प्रश्नांना तिच्यात जागाच राहत नाही.

४

प्रतिनिधीचे काम येथे सुरू होते. तो राजपत्र आणि गाव यांच्यामधला अनुवादक असतो, आणि अनुवादाचे सर्व धोके त्याच्याही कामात असतात.

पहिला धोका शब्दांच्या सरमिसळीचा. ‘पाइपलाइन आली’ या वाक्याचा अर्थ गावात ‘गॅस आला’ असा घेतला जातो. वस्तुतः मुख्य वाहिनी आणि घरगुती जोडणी या दोन भिन्न व्यवस्था आहेत. मुख्य वाहिनीत वायू मोठ्या दाबाने वाहतो. ठिकठिकाणचे संपीडक तो दाब टिकवितात, आणि मधूनमधून बसविलेल्या झडपांनी वाहिनीचा एखादा भाग बंद करता येतो. शहराच्या वेशीवरील केंद्रात दाब उतरविला जातो आणि वायूला मुद्दाम उग्र वास दिला जातो, कारण नैसर्गिक वायूला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. तेथून बारीक नळांच्या जाळ्याने तो घराघरात जातो. या वितरणाची परवानगी २००६च्या कायद्याने स्थापन झालेले नियामक मंडळ क्षेत्रवार देते. तेव्हा ज्याच्या शेताखालून मुख्य वाहिनी जाते त्याला तिच्यातून चुलीसाठी वायू मिळेलच असे नाही. बहुधा मिळत नाहीच. हे आरंभीच न सांगता केवळ ‘विकास येत आहे’ असे सांगणारे निवेदन ऐकणाऱ्याची दिशाभूल करते.

दुसरा धोका भीतीविषयी मौन पाळण्याचा. जयपूरच्या लोकांना इंधनाच्या आगीचा अनुभव आहे. २९ ऑक्टोबर २००९ रोजी सीतापुरा येथील तेलसाठ्याला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. २० डिसेंबर २०२४ रोजी भांकरोटा येथे अजमेर महामार्गावर द्रवरूप पेट्रोलियम वायूच्या टँकरचा अपघात होऊन अनेकांचे प्राण गेले. या दोन्ही घटनांचा नैसर्गिक वायूच्या वाहिनीशी संबंध नाही, आणि टँकरने इंधन नेण्यापेक्षा वाहिनीने नेणे अधिक सुरक्षित, असेही म्हटले जाते. परंतु वाहिनी निर्धोक असते असे मात्र नव्हे. आंध्र प्रदेशातील पूर्व गोदावरी जिल्ह्यात नगरम या गावी २७ जून २०१४ रोजी वायुवाहिनीचा स्फोट होऊन वीसहून अधिक माणसे मृत्यू पावली. वाहिनी आतून गंजू शकते. म्हणून तिची नियमित तपासणी व्हावी लागते. धोका कोणता, तपासणी कोण करतो, आणि संशय आल्यास कोणाला कळवावयाचे, हे निवेदनात आले पाहिजे. ‘घाबरण्याचे कारण नाही’ या वाक्याने यांपैकी काहीच कळत नाही.

तिसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. तो आपल्या अधिकारापलीकडचे आश्वासन देण्याचा. विधानसभेच्या नियमांप्रमाणे जो विषय मुख्यतः राज्य शासनाच्या कक्षेतला नाही त्यावरचा प्रश्न सामान्यतः स्वीकारला जात नाही. म्हणून सदस्य अन्य आयुधे वापरतो. जयपूरच्या सभागृहात त्याला ‘ध्यानाकर्षण प्रस्ताव’ म्हणतात. मुंबई–नागपूरच्या विधिमंडळात ‘लक्षवेधी सूचना’. दोन्ही नावांचा मूळ आशय एकच असला तरी छटा भिन्न आहेत : हिंदी नावात ध्यान ओढून घेण्याचा, तर मराठी नावात लक्ष वेधण्याचा, म्हणजे टोचण्याचा भाव आहे. परंतु लक्ष ओढले काय की वेधले काय, ज्याचे लक्ष वेधावयाचे तो मंत्री राज्याचा असतो आणि निर्णय केंद्राचा असतो.

तामिळनाडूचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. कोची–बंगळूर वाहिनीचा मार्ग राज्याच्या पश्चिमेकडील सात जिल्ह्यांतील शेतांतून जात होता. शेतकऱ्यांचा विरोध वाढल्यावर मार्च २०१३ मध्ये मुख्यमंत्री जयललिता यांनी विधानसभेत जाहीर केले की, वाहिनी शेतांतून न नेता महामार्गाच्या कडेने न्यावी. शेतकऱ्यांना हे त्यांच्या बाजूचे अंतिम वचन वाटले असल्यास नवल नाही. परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरात मद्रास उच्च न्यायालयाने राज्याचा निर्देश रद्द केला, आणि २ फेब्रुवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला : १९६२च्या अधिनियमाखाली मार्ग ठरविण्यात राज्याला अधिकार नाही. शेतकऱ्यांची व्यथा खरी होती आणि महामार्गाची सूचनाही तर्कशून्य नव्हती. अडचण अशी की, सभागृहात उच्चारलेल्या शब्दांमागे कायद्याचे बळ नव्हते, आणि ते नसल्याचे ऐकणाऱ्यांना कोणी सांगितले नव्हते.

याउलट, राज्याच्या हाती जे खरोखर आहे ते सांगण्याजोगे आहे. भूमिअभिलेख राज्याचे आहेत. पिकाच्या नुकसानीचे पंचनामे पटवारी वा तलाठी यांच्यावाचून होत नाहीत. सक्षम प्राधिकारी म्हणून नेमला जाणारा अधिकारीही पुष्कळदा राज्याच्या महसूल सेवेतला असतो. राज्याचे रस्ते व कालवे ओलांडण्याची परवानगी राज्यच देते. नैसर्गिक वायू वस्तू व सेवा कराबाहेर असल्याने त्यावरील विक्रीकर राज्य ठरविते. महाराष्ट्रात मुंबई–नागपूर वाहिनी बव्हंशी समृद्धी महामार्गालगतच्या पट्ट्यातून नेण्याचे ठरले, तेव्हा रस्त्यासाठी आधीच घेतलेली जमीन उपयोगी पडली. तामिळनाडूत जे राज्याच्या आदेशाने साधले नाही ते येथे राज्याने रस्त्याची जागा देऊ केल्याने साधले. आपल्या अधिकाराची कक्षा ज्याला नेमकी ठाऊक आहे असा प्रतिनिधीच अशी वाट सुचवू शकतो.

५

मतदारांसमोरील या निवेदनाला आदर्श कोठून घ्यावा? अमेरिकेत अशा भेटीला ‘टाउन हॉल’ असेच नाव पडले आहे. तेथेही १९३८च्या कायद्यानुसार राज्याराज्यांतून जाणाऱ्या वायुवाहिन्या संघराज्याच्या कक्षेत येतात, आणि राज्यांचे विधिमंडळ सदस्य आपल्या मतदारांना त्यांची हकीकत सांगत असतात. जयपूरमध्येही एक टाउन हॉल आहे. राजस्थानची विधानसभा १९५२ पासून सवाई मानसिंह टाउन हॉलमध्येच भरत असे. २००१ साली ती ज्योतीनगर येथील नव्या वास्तूत गेली. आपल्याकडे मात्र तो शब्द इमारतीपुरताच राहिला, सभेच्या रीतीचे नाव झाला नाही.

राजस्थानात ती रीत दुसऱ्या नावाने आणि दुसऱ्या ठिकाणी आकाराला आली. मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे पहिली जनसुनवाई भरविली. गावच्या कामांची हजेरीपत्रके आणि बिले तेथे मोठ्याने वाचली गेली, आणि ज्यांची नावे त्यांत होती त्यांनी उभे राहून ती खरी की खोटी ते सांगितले. पुढे १९९६ साली ब्यावर येथे आणि १९९७ साली जयपूर येथे दीर्घ धरणी झाली. २००० साली राज्याचा माहिती अधिकार कायदा आला आणि २००५ साली देशाचा.

भाषाव्यवहार म्हणून जनसुनवाईची रचना लक्षणीय आहे. तिच्यात प्रथम दस्तऐवज वाचला जातो, मग साक्ष होते, आणि मग उत्तर द्यावयाचे असते. सभेतील नेहमीच्या भाषणात हा क्रम उलटा असतो : उत्तर आधी दिले जाते, प्रश्नांसाठी वेळ उरत नाही, आणि दस्तऐवज वाचलाच जात नाही. मराठीत ‘सुनावणी’ हा शब्द न्यायालयाशी जखडला गेला आहे. हिंदीतील ‘सुनवाई’ने लोकांच्या चळवळीत आपला मूळचा अर्थ, म्हणजे ऐकून घेणे, परत मिळविला. ‘हिशेब’ या शब्दाचेही असेच झाले. तो वाण्याच्या वहीतून निघून गावच्या चावडीवर आला.

वायुवाहिनीविषयीचे निवेदन या रीतीने झाले तर त्याचे रूप कसे असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. सदस्य प्रथम अधिसूचना वाचील, खसरा वा गट क्रमांकांसह, आणि लोकांच्या बोलीत तिचा अर्थ सांगेल. मुदत केव्हा सुरू झाली व केव्हा संपते, हे तो दिनांकानिशी सांगेल. हरकत कोणाकडे द्यावयाची, भरपाई कोणत्या हिशेबाने ठरते, वायू गावाला मिळणार की नाही, धोका कोणता, हे क्रमाने येईल. आणि जे आपल्या हाती नाही ते ‘माझ्या हाती नाही’ अशा कर्तरी वाक्यात तो सांगेल. मग तो बसेल आणि शेतकरी उभे राहतील.

६

राजकीय भाषेचा विचार करताना साहित्याचे अभ्यासक बहुधा वक्तृत्वाकडे वळतात. मोठी भाषणे, गाजलेली वाक्ये, अलंकार यांची चिकित्सा आपण करतो. साध्या निवेदनाकडे आपले दुर्लक्ष झाले आहे, कारण त्यात काही ‘वाङ्मयीन’ नाही अशी आपली समजूत आहे. परंतु निवेदक कोण, तो कोणाच्या वतीने बोलतो, त्याला किती ठाऊक आहे, आणि जे ठाऊक आहे त्यातले तो किती सांगतो, हे कथनमीमांसेचे मूलभूत प्रश्न येथेही तितकेच लागू पडतात.

भारतीय भाषांच्या विभागांना येथे एक प्रत्यक्ष कामही आहे. एकाच अधिनियमाची अधिसूचना राजपत्रात हिंदी व इंग्रजीत निघते. ती ज्या जमिनीविषयी असते तेथे मारवाडी, हाडौती, मराठी, कन्नड वा तामिळ बोलली जाते. ‘उपयोग का अधिकार’ याला मराठीत काय म्हणावे? ‘वापरहक्क’ म्हटले तर वापर कोणाचा, हे संदिग्ध राहते. शेतकऱ्याला वाटावे की वापरण्याचा हक्क आपल्यालाच मिळाला. ‘जमिनीखालून वाहिनी नेण्याचा हक्क’ हा शब्दसमूह लांब आहे, पण त्यात फसगत नाही. अशा पन्नास-साठ संज्ञांचे प्रत्येक भाषेत असे उलगडे तयार करणे ही विद्यापीठातील दोन-तीन अध्यापकांना एका वर्षात सहज झेपणारी गोष्ट आहे. प्रतिनिधीला त्यामुळे अचूक बोलणे सोपे जाईल. आणि एखादा प्रतिनिधी अचूक बोलला नाही, तर ते ऐकणाऱ्याच्या ध्यानात एकवीस दिवस संपण्यापूर्वी येईल.